वरच्या खोलीतला कप्तान

१

रिउफ्रेद गावात शिपाई यायचे ते खडूच्या मागोमाग. आधी बिऱ्हाडं वाटणारा अंमलदार येई, एकेक दार बघत जाई आणि ज्या घरात शिपाई घालायचा त्या दारावर खडूने फुली मारी. फुली पडली की घरच्यांनी त्या पाहुण्याला पलंग द्यायचा, विस्तव द्यायचा, दिवा, पाणी, मीठ आणि व्हिनेगर द्यायचं, शिवाय सेवेला घरातलं एक माणूस. आजा-पणजाच्या वेळेपासूनचा कायदाच होता तसा. सेवा म्हणजे नेमकं काय, ते कायद्यात नव्हतं. ते शिपाई सांगे.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत हे शिपाई कॅस्टिलच्या, म्हणजे स्पेनच्या राजाचे होते. मग सगळ्या कॅटलोनियाने कोयते उचलले, त्यांना हाकललं, आणि बार्सेलोनातल्या शहाण्यांनी फ्रान्सच्या राजाला साकडं घातलं की आमचं रक्षण कर. ऐन थंडीत दवंडी पिटली गेली, मुलूख आता आपला, वर छत्र फ्रान्सच्या राजाचं. गावाने हौसेने चर्चच्या घंटा बडवल्या. घंटा थांबतात न थांबतात तोच उत्तरेच्या रस्त्याने छत्राचे शिपाई आले, आणि त्यांच्या पुढे तोच खडू. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

स्पेरान्सा रोविरा दारातच उभी होती. तिच्या नवऱ्याने आपल्याच खेचराचा लगाम सोडायला नकार दिला, म्हणून कॅस्टिलच्या शिपायांनी त्याला अंगणात मारून टाकलं होतं. आता घरात ती आणि तिची मुलगी कोलोमा, दोघीच. पोर सोळाची, देखणी. तिच्या देखणेपणाचं कौतुक करायचे दिवस संपले होते. शेजारपाजारच्या लेकीसुनांचं काय काय झालं ते स्पेरान्साने ऐकलं होतं, आणि जे कोणी बोललं नव्हतं तेही तिला कळलं होतं.

"जागा नाही, साहेब," ती अंमलदाराला म्हणाली. "आधीच एक पाहुणा आहे."

"कोण?"

"तुमचेच कप्तान आहेत. वरच्या खोलीत. रस्त्यावरून आजारी आणून टाकलं माझ्याकडे. डाव्या पायाला जखम आहे, ताप हटत नाही. अंगावर पुरळही आहे. वर येता का बघायला?"

छावणीच्या तापाने त्या वर्षी तलवारीपेक्षा जास्त माणसं नेली होती. अंमलदाराने नाकाला रुमाल लावला. विधवेच्या घरी एकच पाहुणा घालायचा, असा नियम होता. त्याने दारावर फुली मारली, तिच्याभोवती गोल काढला, म्हणजे घर भरलं, आणि तो शेजारच्या अंतिकच्या दाराकडे वळला. अंतिककडे दोन शिपाई गेले, त्यातला एक खरं तर रोविरांच्या वाटणीचा. स्पेरान्साला त्याचं वाईट वाटलं नाही. तिने दार लावलं आणि कितीतरी महिन्यांनी तिला हसू आलं.

२

खोटं बोलणं सोपं, ते सांभाळणं कष्टाचं. अंतिकच्या बायकोच्या, जेरोनिमाच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर रोविरांच्या जिन्यासमोर. जेरोनिमाची नजर घारीची आणि जीभ कातरीची. तेव्हा कप्तान दिसला नाही तरी कप्तानाचं ताट रोज वर जाताना दिसायला हवं होतं.

वरची खोली नवरा गेल्यापासून बंद होती. स्पेरान्साने ती उघडली, पलंगावर लोकरीची गादी घातली, शेगडीत निखारे ठेवले. उशाशी दिवा, पाण्याचा लोटा, वाटीत मीठ, कुपीत व्हिनेगर. दुपारी डुकराच्या चरबीतला घेवड्याचा रस्सा आणि पाव. कधी ती घेऊन जाई, कधी कोलोमा. जिन्यात ती मुद्दाम मोठ्याने बोले, "कप्तानसाहेब, आज कसं वाटतंय? चार घास खाऊन घ्या बघू." खाली कोलोमा तोंडात रुमाल कोंबून हसायची. हसता हसता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. बाप गेल्यावर त्या घरात हसण्याचा आवाज झाला तो असा, खोट्या माणसाच्या जिवावर.

ताट परत यायचं ते स्वच्छ, चाटूनपुसून. स्पेरान्सा मनात म्हणे, वाढत्या अंगाची पोर आहे, वर जाऊन गुपचूप हादडते, हादडू दे.

३

एका दुपारी ती वरून ताट आणायला गेली आणि पाव हातात घेऊन उभी राहिली.

त्या मुलखात पाव कापण्याआधी सुरीच्या टोकाने त्याच्या पाठीवर क्रूस काढतात. चोर काढतो, दारुडा काढतो, चार वर्षांचं पोर काढतं. या पावावर क्रूस नव्हता. पाव उलटा धरून खालून कापला होता, आणि सुरी नीट पुसून मिठाच्या वाटीवर आडवी ठेवली होती.

"कोलोमा, ही काय रीत झाली?" ती खाली येऊन म्हणाली. "क्रूस न काढता पाव कापतेस? आणि सुरी अशी ठेवतात का?"

"कुठला पाव?"

"वरचा. तू खातेस तो."

कोलोमा भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "आई, मी वरचं कधीच खाल्लं नाही. तूच खातेस ना?"

"मी?"

"मला वाटलं, तुला भूक लागत असेल आणि माझ्यासमोर खायची लाज वाटत असेल. म्हणून मी काही बोलले नाही."

चुलीवर रस्सा रटरटत होता. मग स्पेरान्साने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि कारणं शोधायला घेतली. उंदीर असतील. पण उंदीर सुरी धरत नाही. मग जेरोनिमा मागच्या गोठ्यातून चोरून येत असेल, खोटं पकडायला. हो, तिचंच काम. वाटीतलं मीठही रोज कमी होत होतं, पण ते दमट हवेत विरतं. व्हिनेगर शेगडीच्या उबेने उडून जातं. प्रत्येक गोष्टीला कारण सापडलं. सगळी कारणं एकत्र मांडली की मात्र तिचं तिलाच ते पटेना.

त्या दिवसापासून ती गोठ्याच्या दाराला आतून आडणा लावू लागली. ताट तरीही रिकामं येत राहिलं.

४

धुण्याच्या कुंडावर जेरोनिमा भेटली. पाणी असं गार की बोटं बधिर व्हायची.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," जेरोनिमा चादर आपटत म्हणाली. "माझ्याकडे दोन शिपाई आणि वर दोन घोडी. घोडी परवडली बाई, निदान रश्शाला नावं ठेवत नाहीत. तुझं आपलं बरं आहे. एकच, तोही अंथरुणाला खिळलेला. म्हणजे, होता."

"होता म्हणजे?"

"आता कुठला खिळलाय? दुपारभर वर फेऱ्या मारतो. आधी डावा पाय ओढायचा, घासल्याचा आवाज माझ्या चुलीपर्यंत यायचा. आता तेही नाही. ठणठणीत चालतो. चांगलं खायला घालतेस वाटतं."

स्पेरान्साने पिळलेला कपडा पुन्हा पाण्यात बुडवला. डाव्या पायाची गोष्ट तिने एका अंमलदारापाशी केली होती, दुसऱ्या कोणापाशी नाही. असेल, त्याने गावभर केली असेल. ही बाई आपल्याला बोलतं करायला बघते आहे. पण जेरोनिमाच्या आवाजात लबाडी नव्हती. नुसता राग होता, सरळ, कष्टाने पिचलेल्या बाईचा.

"आणि एक सांगते," जेरोनिमा म्हणाली. "तुझं माझं पटत नाही, ते राहू दे. पोरीला अंगणात कपडे वाळत घालायला पाठवत जाऊ नकोस. ती तिथे असली की हा खिडकीत उभा असतो. तेवढा वेळ हलत नाही."

"कसा दिसतो?" स्पेरान्साच्या तोंडून निसटलं.

जेरोनिमाने चादर खाली ठेवली. "मला विचारतेस? रोज भरवतेस तू."

"तसं नाही. खालून कसा दिसतो, म्हणून विचारलं."

"तोंड नाही दिसत. कोटाची बटणं दिसतात, गळ्यापर्यंत. वरचं सगळं खिडकीच्या वर. किती उंच आहे गं मेला?"

त्या खिडकीची वरची कड छपराच्या तुळईला टेकलेली होती, तिच्यावर माणसाचं डोकं मावायला जागाच नव्हती. स्पेरान्सा या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिला ते माहीत होतं. तिने उरलेले कपडे न धुताच टोपलीत भरले आणि ती घरी आली.

५

तिने वरची खोली कुलूपबंद केली आणि किल्ली कमरेला लावली. ताट नाही, विस्तव नाही, मीठ नाही. कोणी नसेल तर कोणाचं काही बिघडत नाही. कोणी असेल तर उपाशी राहू दे.

पहिल्या दुपारी छतावर टाचेचे ठोके पडले. जेवणाची वेळ झाली हे घरच्यांच्या ध्यानात आणून द्यावं, असे सावकाश. दोघी खाली बसून ऐकत होत्या. मग ठोके थांबले. स्पेरान्साला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी कोलोमाने वाडगाभर रस्सा खाल्ला, पाव खाल्ला, आणि रिकामा वाडगा पुढे धरून बसून राहिली.

"आई, मी जेवले का?"

"आत्ताच तर जेवलीस."

"पोटात काहीच नाही गं."

स्पेरान्साने पुन्हा वाढलं. पोरीने तेही संपवलं. तिसऱ्या वाडग्यालाही तिची नजर तशीच भुकेली राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्या गालांची हाडं वर आली, ओठ पांढरे पडले. स्पेरान्सा उठली, तिने कुलूप काढलं आणि ताट वर नेऊन ठेवलं. खाली आली तोवर कोलोमा पेंगुळली होती, चेहऱ्यावर रंग परत आला होता. स्पेरान्सा जिन्यात बसून रडली. तिने आयुष्यात पुष्कळांना जेवू घातलं होतं, पण इतक्या द्वेषाने कधी कोणाला वाढलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दुसरी दवंडी आली. फ्रान्सचा राजा आता नुसता रक्षणकर्ता नाही, तोच या मुलखाचा धनी. चौकात माणसं जमली होती. "ओसरी दिली की पाय पसरतातच," अंतिक पुटपुटला आणि शिपायांकडे बघून खोकला. या वेळी घंटा कोणी वाजवल्या नाहीत.

स्पेरान्सा चौकातून घरी आली तेव्हा भरदुपार होती. अंगणात लख्ख ऊन, आणि आत जिन्यावर पावलांचा आवाज, दिसत कोणी नव्हतं. एक पायरी, मग पुढची, घाई नसलेल्या माणसाची. पावलं स्वयंपाकघरात आली. चुलीजवळ पाठीचा लाकडी बाक होता, घरच्या धन्याचा. नवरा गेल्यापासून त्यावर कोणी बसलं नव्हतं. तो बाक करकरला आणि मग करकरायचा थांबला, जड माणूस बसून स्थिर झाल्यावर थांबतो तसा.

कोलोमा टेबलावर वाडगे मांडत होती. एक आईचा, एक स्वतःचा, आणि तिसरा बाकासमोर.

"कोलोमा, तो कोणासाठी?"

पोरीने वाडग्याकडे बघितलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "हात गेला."

६

अंमलदार पुन्हा आला. कप्तान बरे झाले असतील तर त्यांनी पथकात हजर व्हायला हवं, म्हणाला. स्पेरान्साला तो देवानेच धाडल्यासारखा वाटला. तिने त्याच्यासमोर गुडघे टेकले.

"साहेब, मी खोटं बोलले. वर कोणी कप्तान नाही. पोरीसाठी बोलले. मला काय शिक्षा करायची ती करा, पण माझ्याकडे तुमचा एक शिपाई पाठवा. कसलाही चालेल. हाडामांसाचा पाठवा म्हणजे झालं."

तो चिडला. "तुम्ही सगळे कॅटलन एका माळेचे मणी," म्हणाला. तिने पुढे केलेली किल्ली त्याने हिसकावली आणि तो दाणदाण पाय आपटत वर गेला.

वर दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग अंमलदाराचं बोलणं ऐकू आलं, शब्द कळत नव्हते. तो बोले, थांबे, पुन्हा बोले. थांबण्याच्या वेळात दुसरा आवाज नव्हता. प्रत्येक वेळी तो आणखी हळू बोलू लागला. शेवटी तर नुसतं "हो, हो" ऐकू यायला लागलं.

खाली आला तेव्हा टोपी हातात होती. किल्ली त्याने टेबलावर ठेवली. "कुलूप उघडंच होतं," म्हणाला. उजवा तळहात तो कोटाला पुसत होता, पुसून झाला तरी पुसत होता.

"कोण आहे वर?" स्पेरान्साने विचारलं.

"एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणता, बाई? गेल्या उन्हाळ्यात तुम्ही लोकांनी घरच्या पाहुण्यांचं काय केलंत ते आम्हाला ठाऊक आहे. यांच्या केसाला धक्का लागला तर मी गाव जाळीन. चेष्टा समजू नका." बोलताना त्याची नजर जिन्यावर होती, तिच्यावर नव्हती. "त्यांची फारशी तक्रार नाही. व्हिनेगर चांगलं आहे म्हणाले. सेवेला माणूस मिळालेलं नाही, एवढंच. उद्या दुपारपासून मुलीला वर पाठवा."

"मी जाते, साहेब. मला सगळं येतं. पोर नकळती आहे."

"त्यांनी मुलगी म्हटलं."

"आणि पथकात हजर व्हायचं होतं, त्याचं काय?"

"ते इथेच राहतील," अंमलदार म्हणाला आणि टोपी न घालताच बाहेर पडला. अंगणातून तो जवळजवळ पळतच गेला.

७

सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत स्पेरान्सा जेरोनिमाच्या दारात उभी होती. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे कप्तान नव्हताच," जेरोनिमा म्हणाली. "तुझ्या थापेपायी हे दोन दोन रेडे मी पोसतेय. माझ्या सुनेला मी आठवडाभर कोठारात झोपवतेय. आणि आता माझ्याकडेच आलीस?"

"पुलापाशी खेचरवाले थांबलेत. व्हिक गावात माझी बहीण असते. पोरीला तिथे पोचवायचं आहे. एकटीने नेण्याची मला हिंमत नाही. तू नुसती पुलापर्यंत चल."

जेरोनिमाने तिच्या तोंडावर दार लावलं. मग उघडलं, डोक्याला रुमाल बांधत बाहेर आली. "तुझ्यासाठी नाही," म्हणाली. "पोरीसाठी."

गाठोडं घेऊन जेरोनिमा पुढे चालत होती. मागून मायलेकी. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंच्या शेतांत गवतावर दव गोठलेलं. घर मागे पडत होतं तसा स्पेरान्साचा श्वास मोकळा होत गेला. ती पोरीला मावशीबद्दल सांगू लागली, मावशीच्या चेस्टनटच्या बागेबद्दल, तिच्या भांडखोर नवऱ्याबद्दल. कोलोमा हं हं करत होती.

मग स्पेरान्साच्या लक्षात आलं की पोर तिच्या शेजारून चालत नाहीये. दोघींच्या मधे एका माणसाची जागा सोडून चालते आहे. स्पेरान्सा जवळ सरकली. कोलोमा तेवढीच पलीकडे सरकली, न बघता, सवयीने. तिचा आईच्या बाजूचा हात खाली लोंबत नव्हता. तो थोडा वर उचललेला होता, आणि त्याची बोटं एकमेकांत दाबली जाऊन पांढरी पडली होती.

"हाताला काय झालं गं?"

"काही नाही," कोलोमा म्हणाली. "गार आहे."

स्पेरान्सा थांबली. कोलोमाही थांबली, आणि मधली जागाही. पुलावर खेचरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. तेवढं अंतर सहज चालून जाता आलं असतं. पलीकडे व्हिक होतं, बहीण होती, बहिणीचं घर होतं, आणि त्या घरालाही वरची खोली होती. स्पेरान्साला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. ती भीती तिने तशीच गिळली. घसा खाकरून तिने मधल्या जागेकडे तोंड केलं, आणि आपल्या घरी आलेल्या मानाच्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"कप्तानसाहेब, एवढ्या थंडीत कुठे निघालात? घरी चला. या पोरीला काही येत नाही हो. तिला धड विस्तव फुलवता येत नाही, तिच्या हातचा रस्सा खारट होतो. तुम्हाला घरात मी घेतलं. माझ्या तोंडाने घेतलं, माझ्या हाताने वाढलं. सेवा माझी आहे. तुम्ही म्हणाल तितके दिवस करीन, मला दुसरं कोणी नाही, कुठे जायचं नाही. तिला सोडा आणि माझ्याबरोबर चला."

वारा नव्हता. जेरोनिमा मागे वळून बघत होती, गाठोडं पोटाशी धरून.

मग कोलोमाची बोटं सुटली. एकेक करून सुटली, आणि त्यांत लाली परत आली. पोर गडबडून आजूबाजूला बघायला लागली, झोपेतून उठवल्यासारखी. "आई, मला भूक लागली," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली.

स्पेरान्साला तिला जवळ घ्यायचं होतं. तिने घेतलं नाही. तिचा उजवा हात आता मोकळा नव्हता.

"जेरोनिमा, तिला ने. मागे वळू देऊ नकोस."

"चल गं पोरी," जेरोनिमा म्हणाली. कोलोमाच्या दंडाला धरून ती तिला जवळजवळ ओढतच पुलाकडे घेऊन गेली. पोर आई आई करत राहिली. खेचरवाल्याने तिला उचलून वर बसवलं, गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं, आणि खेचरं पूल ओलांडून गेली.

स्पेरान्सा ती दिसेनाशी होईपर्यंत थांबली. तेवढी सवड तिला मिळाली. मग ती घराकडे परतली, सावकाश, रस्त्याच्या मधोमध न चालता एका बाजूने. गावातल्या बायका दारातून बघत होत्या. दोघी-तिघींनी मुलांना आत ओढून घेतलं.

घराशी आल्यावर तिने दार पुरतं उघडून धरलं, बाजूला झाली आणि पाहुण्याला आधी आत जाऊ दिलं. मग उंबऱ्यावर पाय पुसले, आत गेली आणि दार लावून घेतलं.